मुलगा आता प्रार्थनेला बसत नाही

"ताई, तुम्ही त्याला एवढंच सांगा, देवावरचा भरवसा सोडू नकोस म्हणून."

ऐरोलीहून आलेली आई खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे बोलली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते आहे. काळजी मात्र जशीच्या तशी, कारण ती मी कितीतरी ख्रिस्ती घरांतून ऐकते: घरावर संकट आलं आणि वयात आलेलं लेकरू विश्वासात मागं पडलं.

हे घर मूळचं नगरकडचं. वडील रबाळे एमआयडीसीत फिटर. किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास डायलिसिस सुरू झालं. मुलगा बारावीत, शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या धर्मवर्गात वाढलेला, रविवारच्या उपासनेत ढोलकी वाजवणारा. ४ महिने त्यानं ढोलकीला हात लावला नव्हता. रात्री घरची प्रार्थना सुरू झाली की उठून गॅलरीत जायचा.

त्याला एकट्याला भेटले. आधी झोप, भूक, अभ्यास विचारला. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. विश्वासू घरातलं मूल आहे म्हणून हा प्रश्न टाळू नये. उत्तर 'हो' आलं, तर प्रार्थनेच्या जोडीनं मानसोपचारतज्ज्ञ लागतोच, आणि रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. इथे तसं नव्हतं. झोप मात्र उडाली होती.

"पप्पांसाठी शेवटची प्रार्थना कधी केलीस?" मी विचारलं.

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "घरी प्रार्थनासभा होती. एक अंकल म्हणाले, या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय, म्हणून उत्तर अडलंय. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, मलाच म्हणतायत." आणि हळूच पुढे, "मी मागितलं आणि पप्पा गेले, तर ते माझ्यामुळे ना?"

आईला जो मुलाचा अविश्वास वाटत होता, ती खरं तर त्याची भीती होती. वडिलांचा जीव आपल्या प्रार्थनेवर टांगलाय, असं ओझं १७ वर्षांच्या पोरानं एकट्यानं उचललं होतं. दुखणाऱ्या घरात जाऊन असं बोलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र ७ दिवस नि ७ रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवरच त्यांचा त्याला आधार होता; मग ते त्यालाच दोष देऊ लागले. आणि जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी 'पाप कुणाचं, याचं की आईबापांचं?' असं विचारलं, तेव्हा येशूनं दोघांचंही नाही म्हणून सांगितलं. योहानाच्या शुभवर्तमानातला हा ९ वा अध्याय मी त्याच्यासमोर उघडून ठेवला. मग १३ वं स्तोत्र मोठ्यानं वाचलं. त्यात दाविदाचं 'कोठवर?' पुन्हा पुन्हा येतं. देवाला विचारतो, तू मला कायमचा विसरणार का?

"देवाला असं बोललेलं चालतं?" त्यानं विचारलं.

"पवित्र शास्त्रात छापलंय," मी म्हटलं.

जास्त वेळ आईबरोबर लागला. ती पोरासमोर कधी रडली नव्हती. स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची आणि बाहेर येऊन 'प्रभू आहे ना' म्हणायची. मुलाला नळ ऐकू येत होता. मी म्हटलं, एकदा त्याच्यादेखत प्रार्थनेत सांगा, प्रभू, मला भीती वाटते. "अहो, त्याचा विश्वास आणखी डळमळेल!" मग मार्काच्या शुभवर्तमानातल्या, आजारी लेकराला येशूकडे आणणाऱ्या बापाची आठवण करून दिली. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव, असं तो एका दमात ओरडला. येशूनं त्याला परत पाठवलं नाही. पोरं विश्वास शिकतात ती आपण घाबरल्यावर कुणाकडे वळतो ते बघून.

बाकी साधं सांगितलं. प्रार्थना ५ मिनिटं, त्याला हाक मारायची नाही, गॅलरीचं दार लावायचं नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मदीक्षा, १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा; मधे ५ वर्षं गेली. तेवढा धीर आपल्या लेकरासाठी धरायला काय हरकत? चर्चच्या पाळकसाहेबांनाही विनंती केली, वाशीच्या डायलिसिस सेंटरवर नुसते जाऊन बसा, उपदेश नको. ते गेले.

२ महिन्यांनी आई आली. डायलिसिस चालूच आहे. त्यासाठी वडिलांच्या हातावर फिस्टुला केलाय, म्हणजे शीर आणि धमनी जोडलीय. तिथे बोटं ठेवली की आत रक्ताची थरथर लागते, आणि ती रोज तपासायची असते. हे काम पहिल्यापासून मुलाचं. घरात कुणी ते जमेस धरलं नव्हतं.

एका रात्री तो तपासत असतानाच वडिलांनी प्रार्थना सुरू केली. "प्रभू, आजही चालू आहे. उद्याची मला भीती वाटते."

मुलानं डोळे मिटले नाहीत, आमेनही म्हटलं नाही. पण प्रार्थना संपेपर्यंत त्यानं हातावरची बोटं काढली नाहीत. ढोलकी अजून कपाटावरच आहे, असं आई म्हणाली.