जुन्या ब्रिटिश जीएन गाडीला गिअरबॉक्सच नव्हता, मग गिअर कसे बदलायचे?

साखळ्यांनी. एच. आर. गॉडफ्रे आणि आर्चिबाल्ड फ्रेझर-नॅश या दोघांच्या आडनावांवरून जीएन. सुरुवात १९१०, हेंडन, लंडन. गाडीच्या पुढच्या भागात हवेवर थंड होणारं व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडरचं) इंजिन. प्रत्येक गिअरची साखळी वेगळी, मागच्या आसापर्यंत थेट. लिव्हर ओढला की त्या गिअरचा डॉग क्लच, म्हणजे दात एकमेकांत अडकवून जोडणारा भाग, अडकतो. साधी, देखणी युक्ती! एक साखळी तुटली तरी दुसऱ्या गिअरवर घरी पोचता येतं. मात्र साखळ्या उघड्या, धूळ-चिखल बसतो. वेळोवेळी साफ करून वंगण द्यावंच लागतं. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसल्याने वळणावर मागचे टायर घासतात. १९२२मध्ये फ्रेझर-नॅश बाहेर पडले आणि हीच साखळी त्यांनी स्वतःच्या नावाच्या गाड्यांत नेली.