हॅम्बुर्गला येण्यापूर्वी: सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर आणि तुमचा संच

तुम्ही पुण्यात एम.एस्सी. करताना गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारे नळीचे साधन) बांधला आहे, ऑक्टोबरमध्ये हॅम्बुर्गच्या एका डिटेक्टर गटात रुजू होणार आहात, आणि तिथे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अनेक सूक्ष्म पेशींचे, अगदी मंद प्रकाशही टिपणारे सेन्सर हाताळायचे असल्याने काय शिकून यावे व असा सेन्सर जोडलेला घरचा संच सोबत आणावा का, असे विचारले आहे. मी इथे नऊ वर्षे याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हा सेन्सर स्वतः गॅमा किरण जवळजवळ पकडत नाही, कारण त्यातला सिलिकॉनचा संवेदनशील थर जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा असतो. किरण अडवतो तो सिंटिलेटर, म्हणजे किरण शोषून प्रकाश देणारा स्फटिक. सेन्सर त्यातून निघालेला प्रकाश मोजतो. थॅलियमयुक्त सीझियम आयोडाइडमध्ये सीझियम-१३७ चा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा पूर्ण शोषला गेला, तर सुमारे ३५ हजार फोटॉन (प्रकाशकण) निघतात. सेन्सरवरील प्रत्येक सूक्ष्म पेशी तुमच्या गायगर नळीप्रमाणेच वागते, म्हणजे एक फोटॉन आला काय किंवा चार एकदम आले काय, ती तेवढाच स्पंद देते. मात्र किती पेशी पेटल्या यावरून ऊर्जा कळते, आणि ते गायगर नळीला कधीच जमत नाही. विद्युतभारित कण पेशीला थेटही पेटवतो, पण तो स्पंद अंधारातल्या आपोआप पेटण्यासारखाच, म्हणजे डार्क काउंटसारखाच दिसतो. म्हणून अशा वेळी दोन सेन्सर एकमेकांवर ठेवून दोन्हींत एकाच क्षणी आलेला स्पंदच मोजतात.

तुमचा खरा वेळ तापमान खाणार आहे. तापमान वाढले की ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ज्याच्या वर गेल्यावर पेशी पेटू शकतात ते व्होल्टेज, वाढते. हामामात्सू या जपानी कंपनीच्या एस१३३६० सेन्सर मालिकेत ते दर अंशाला सुमारे ५४ मिलिव्होल्टने सरकते. पुण्यात मे महिन्यात ३५ अंशांवर, ब्रेकडाउनच्या ३ व्होल्ट वर बेतलेला संच इथल्या २० अंशांच्या खोलीत तोच व्होल्टेज देऊन चालवला, तर तो ब्रेकडाउनच्या जवळपास ३.८ व्होल्ट वर जातो आणि वर्धन (एका पेशीच्या स्पंदाचा आकार) पाव पटीने वाढते. पहिल्या हिवाळ्यात शनिवार-रविवारी हीटर मंद होई आणि ऊर्जेच्या आलेखातले सीझियमचे ६६२ चे शिखर सरकत राही. मी तीन दिवस स्फटिकालाच दोष देत बसलो होतो. तेव्हा सेन्सरला चिकटवलेला थर्मिस्टर (तापमान मोजणारा रोधक) आणि त्यानुसार व्होल्टेज बदलणारे सर्किट, एवढे तरी स्वतः करून या.

पेशींची संख्या मर्यादित असल्याने तीव्र व झटपट विझणाऱ्या प्रकाशात प्रतिसाद सरळ रेषेत राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. इथल्या डेझी या कणभौतिकी संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या कॅलिस या डिटेक्टर-विकास प्रकल्पाने अशा सेन्सरांचे सुमारे २२ हजार चॅनेल असलेला कॅलोरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारा डिटेक्टर) बांधला आहे. भारतातही मदुराईतील मिनी-आयकॅल या डिटेक्टरभोवतीच्या म्यूऑन व्हेटोसाठी, म्हणजे वैश्विक किरणांतले म्यूऑन कण ओळखून वगळणाऱ्या आवरणासाठी, हेच सेन्सर निवडले आहेत. त्याचे लेख येण्यापूर्वी जरूर वाचा.

संच आणायचा तर सेन्सर, स्फटिक आणि बोर्ड आणा, पावत्यांसह. मात्र चाचणीसाठी ठेवलेला किरणोत्सारी स्रोत, आणि पेट्रोमॅक्सचा जुना थोरियमयुक्त (म्हणजे किरणोत्सारी) मँटलसुद्धा, घरी ठेवा. त्याऐवजी इथल्या दुकानातले पोटॅशियम क्लोराइडयुक्त मीठ घ्या. त्यातल्या नैसर्गिक किरणोत्सारी पोटॅशियम-४० चे १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे शिखर मोठ्या स्फटिकात रात्रभर मोजले तर दिसते.