२०२१ च्या कोरोना निर्बंधांच्या काळात आमदारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सोमवारपासून बाजारपेठ सुरू’ असं टाकलं होतं, तरी दुकान उघडल्याचा दंड कसा लागला?

दंड लागू शकत होता, कारण आमदारांची पोस्ट म्हणजे आदेश नव्हे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम २५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तुमच्या तालुक्यात शटर किती वाजता पाडायचं ते त्यांच्या सहीनं ठरायचं. ४ जून २०२१ च्या शासन आदेशात निर्बंधांचे पाच स्तर होते. पॉझिटिव्हिटी (चाचण्यांत बाधित निघण्याचं प्रमाण) ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला, सर्वांत सैल स्तर. तिसऱ्यात कापड, भांडी वगैरे दुकानं सोमवार ते शुक्रवार, तीही दुपारी ४ पर्यंतच. आढावा दर आठवड्याला व्हायचा, त्यामुळे आधीच्या आठवड्यातली पोस्ट सोमवारी शिळी झालेली असू शकते. शिवाय १० लाखांवर लोकसंख्या म्हणून औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) शहर वेगळं धरलेलं, उरलेला जिल्हा वेगळा. शहरातल्या आमदाराची पोस्ट पैठण-कन्नड तालुक्यांना लागू पडायचीच असं नाही. (आमदारांचं सोडा, ३ जूनला तेव्हाचे मंत्री विजय वडेट्टीवारांनी अनलॉक जाहीर केला आणि काही तासांत सरकारनंच ‘प्रस्ताव विचाराधीन’ म्हणून खुलासा केला.)

तरी अशा पोस्ट अगदीच वाया नव्हत्या. लसीकरण केंद्र कुठं, रेशन कधी, ही माहिती त्यात मिळायची, आणि धान्य अडलं तर तहसीलला आमदारांच्या कार्यालयातून गेलेला फोन लवकर उचलला जातो. वेळेचं मात्र जिल्हाधिकाऱ्यांचं सहीचं पत्रकच बघायचं.