पियानोला कुलूप कशासाठी?

प्रश्न : आम्ही कोपनहेगनला राहतो. मुलगा जिम्नॅशियमच्या, म्हणजे इथल्या उच्च माध्यमिक शाळेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, गणितात फक्त ७ मिळाले. त्याने डीटीयूला (डेन्मार्कचं तांत्रिक विद्यापीठ) इंजिनिअरिंग करावं अशी माझी इच्छा. त्याला जॅझ पियानोच हवा. परीक्षेपर्यंत पियानोला कुलूप लावलंय. तो सारखं डॅनिश पियानोवादक बेंट फॅब्रिकचं उदाहरण देतो. एक धून गाजली आणि त्याचं आयुष्यभर भागलं, असं नशीब सगळ्यांचं नसतं, हे त्याला कसं पटवू?

उत्तर : आधी ते कुलूप काढा. डॅनिश पद्धतीत ७ म्हणजे ‘चांगला’, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग मुलगा नापास झाल्यासारखं पत्र का? कुलपाने गणित सुधारत नाही, घरातलं बोलणं तेवढं बंद होतं. अख्ख्या पत्रात तो काय वाजवतो, कोणाबरोबर वाजवतो, याची एक ओळ नाही. मला काळजी त्याची वाटली, गुणांची नाही.

आता फॅब्रिकचं. म्हणजे बेंट फाब्रिसियस-बियरे, जन्म १९२४. त्याची ‘अ‍ॅली कॅट’ ही धून १९६२ मध्ये अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेली, ग्रॅमीही मिळालं, हे खरं. पण तरुणपणी जॅझ वाजवणारा हा माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून डेन्मार्कमध्ये मेट्रोनोम ही रेकॉर्ड कंपनी सांभाळत होता. पुढे ‘ओल्सेन बांडेन’चे डॅनिश चित्रपट, ‘मॅटाडोर’ ही टीव्ही मालिका यांचं संगीत त्याचंच. ऐंशीच्या घरात असताना त्याने ‘ज्यूकबॉक्स’ हा अल्बम काढला, त्यावरही क्लबांत लोक नाचले. याला नशीब म्हणायचं? वादन, रचना आणि धंदा तिन्ही येणाऱ्या माणसाचा हा व्यवसाय होता. आणि हे तुमच्या चिरंजीवांनीही ऐकावं : नुसत्या मैफलींवर तोही जगला नाही.

डीटीयूचं सरळ आहे : गणित ए (सर्वात वरच्या) लेव्हलला, फिजिक्स-केमिस्ट्री ठरलेल्या लेव्हलला, मग अर्ज. मध्ये वर्षभर थांबणारी डॅनिश मुलं तुमच्या शेजारीपाजारीच सापडतील. संगीतासाठी एमजीके हा तीन वर्षांचा पायाभूत अभ्यासक्रम आहे, त्यातून ऱ्हिदमिक कॉन्झर्व्हेटरी या जॅझ-पॉप शिकवणाऱ्या संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी होते. ऑडिशन देऊ द्या. नाही निवडला गेला तर ते परीक्षकांनी सांगितलेलं असेल, तुम्ही नाही.

त्याला मंचावर वाजवायचंय, चित्रपटांना संगीत द्यायचंय की स्टुडिओत काम करायचंय, हे कळल्याशिवाय मी पुढे काही सांगू शकत नाही. तेवढं त्यालाच लिहायला सांगा.