जुन्या ट्रॅक्टरचा मूळ रंग: वाचकांचे प्रश्न

या वेळी रंगाचे प्रश्न आधी आले, इंजिनाचे नंतर. खरं तर उलटं हवं. चकाचक रंगवलेला ट्रॅक्टर सुरू होत नाही म्हणून परत खोलावा लागला, की सगळ्यात आधी रंगच ओरबाडला जातो. तरी प्रश्न आले तसेच घेतले आहेत.

आमच्याकडे सत्तरच्या दशकातला मॅसी फर्ग्युसन 1035 आहे. लाल रंग उडून गुलाबी पडलाय. पेंटर आजच्या नव्या ट्रॅक्टरचा लाल मारू म्हणतो. मूळ छटा कशी मिळवायची? इंग्लंडहून स्टिकरचा सेट मागवावा का? (करवीर)

पेंटरच्या कार्डावर जाऊ नका. मूळ छटा तुमच्याच ट्रॅक्टरवर कुठंतरी शाबूत असणार. ऊन लागून वरचा लाल पांढरट होतो, पण जिथं ऊन पोहोचलंच नाही तिथला टिकतो. मडगार्ड जिथं ब्रॅकेटला टेकतो ती जागा, डॅशबोर्डच्या पत्र्याची मागची बाजू, डिझेल टाकीच्या पट्ट्याखालची पट्टी आणि बॉनेटवरच्या बिल्ल्यामागचा भाग बघा. बॅटरीच्या ट्रेजवळचा नमुना घेऊ नका. ॲसिडच्या वाफेनं तिथला रंग बदललेला असतो.

जागा सापडली की साबणाच्या पाण्यानं धुवा आणि 1200 नंबरच्या वॉटर पेपरनं रुपयाएवढा गोल हळूहळू घासा. झाडाच्या खोडावरच्या वलयांसारखे थर उघडे पडतील. प्रायमरला लागून असलेला थर कारखान्याचा, त्यावरचे सगळे नंतरचे. मग त्या थरापर्यंत दोन इंचांचा चौकोन उघडा करा, रबिंग कंपाउंडनं चमकवा आणि त्यावरून दुकानात रंग जुळवून घ्या. तयार रंग आधी एका पत्र्यावर मारून पूर्ण वाळू द्या. इनॅमल ओला असताना वेगळा दिसतो, वाळला की सहसा थोडा गडद होतो. तुलना दिवसाच्या उजेडात सावलीत करा, ट्यूबलाइटखाली नको.

बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागांना, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगला, लाल मारू नका. इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत 1957 च्या अखेरीपासून निघालेल्या मॅसी 35 चा पत्रा लाल आणि बीड राखाडी असे. त्याआधीच्या फर्ग्युसन 35 चा पत्रा राखाडी आणि बीड सोनेरी-तांबूस होतं. तुमचा 1035 हा त्याच 35 च्या घराण्यातला. राखाडीचा नमुना क्लच हाउसिंगच्या खालच्या बाजूला, तेलाच्या चिकट थराखाली मिळतो. त्या तेलानंच तो जपलेला असतो.

स्टिकरचं म्हणाल, तर इंग्लंडचे नकोत. भारतात मॅसीचे ट्रॅक्टर बनवणारी टाफे कंपनी 1960 मध्ये मद्रासला सुरू झाली. तुमचा ट्रॅक्टर मद्रासचा, त्याचं अस्सलपण मद्रासचंच. कॉव्हेंट्रीचं स्टिकर लावलं तर उलट खोटेपणा होतो. इंजिनाचंही तेच. ब्लॉकवर सिम्पसनचं नाव ओतलेलं असेल तर ते लपवू नका. पर्किन्स या इंग्लिश कंपनीच्या परवान्यानं मद्रासला बनलेली ती इंजिनं आहेत. जुन्या अक्षरांची खूण बॉनेटवर उरली असेल तर घासण्याआधी ट्रेसिंग पेपरवर मापासकट उतरवून घ्या. एकदा घासलं की ती परत मिळत नाही.

शिरोलीत शॉट ब्लास्टिंग स्वस्तात होतं. सगळा पत्रा तिथंच देऊ का? (हातकणंगले)

बॉनेट आणि मडगार्ड अजिबात देऊ नका. फाउंड्रीतलं शॉट ब्लास्टिंग जाड ओतकामासाठी असतं. पोलादी गोळ्यांचा मारा पातळ पत्र्यावर झाला की एका बाजूनं ताण येऊन पत्रा पापडासारखा फुगतो, आणि मग कितीही लांबी (पुट्टी) भरली तरी सरळ दिसत नाही. चाकांच्या डिस्क, पुढचा ॲक्सल बीम आणि वजनं मात्र खुशाल द्या. फक्त बेअरिंग, बुश आणि आटे असलेल्या जागा आधी बंद करा. अख्खं इंजिन तर नेऊच नका. आत शिरलेला एक छराही पुढे बेअरिंग खातो.

पत्र्याला पेंट रिमूव्हर आणि स्क्रॅपर वापरा. लहान गंजके भाग, म्हणजे ब्रॅकेट, लिव्हर, पिना, धुण्याच्या सोड्यात ठेवा. प्लास्टिकच्या टबात दर लिटर पाण्याला एक चमचा सोडा घाला. 12 व्होल्टच्या चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला आणि पॉझिटिव्ह एका साध्या लोखंडी पट्टीला जोडा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. रात्रभरात गंज काळा पडून ब्रशनं निघतो. पट्टी स्टेनलेसची वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे काम उघड्यावरच करा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

चाकाच्या रिममध्ये आतून गंज असणारच. टायरात वर्षानुवर्षं पाणी भरलेलं असतं, म्हणून व्हॉल्व्हच्या भोकाभोवती पत्रा पातळ झालाय का हे हातोडीनं ठोकून बघा. आवाज बद्द आला तर तुकडा कापून नवा वेल्ड करा. लांबीनं भोक बुजवलेली रिम पुढं टायर फोडते.

2019 च्या महापुरात ट्रॅक्टर दोन दिवस पाण्यात होता. तेव्हापासून शेडात आहे, इंजिन जाम आहे. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून सुरू करून बघू का? (शिरोळ)

नको. गिअरमध्ये टाकून ओढलं की चाकाचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. रिंगा गंजून लाइनरला चिकटलेल्या असतील तर त्या तुटतात, आणि सिलिंडरात पाणी उरलं असेल तर रॉडच वाकतो.

आधी तेलं काढा. संपचा (इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या टाकीचा) प्लग सैल करताच पहिलं पाणी येईल, मग दुधाळ तेल. मॅसी 35 च्या घराण्यात गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिकचं तेल एकच, आणि हायड्रॉलिक पंप त्याच तेलात बुडालेला असतो. त्यात पुराचा गाळ असताना पंप फिरला तर गाळ पंपालाच खाऊन टाकतो. म्हणून तिथलंही सगळं तेल काढा, बाजूचं झाकण खोलून तळातला गाळ हातानं पुसा, आणि डिझेलनं धुतल्याशिवाय नवं तेल घालू नका.

मग इंजिन. तिन्ही नोझल काढा. प्रत्येक सिलिंडरात साधारण 50 मिली डिझेल आणि एटीएफचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं) समप्रमाण मिश्रण ओता. रॉकर कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकावर लाकडी ठोकळा ठेवून हलकं ठोका. व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर यायला हवा. अडकलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून इंजिन फिरवलं की पुशरॉड वाकतो, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. चार दिवसांनी स्टार्टर काढून त्या खिडकीतून पहारीनं रिंग गिअर हलवून बघा. एकाच दिशेला जोर लावू नका, पुढं-मागं करा. एक सूतभर (इंचाचा आठवा भाग) हललं की तिथंच थांबा, पुन्हा मिश्रण घाला आणि दुसऱ्या दिवशी या. आठ-दहा दिवसांत काहीच हललं नाही तर हेड उतरवा. त्यात कमीपणा नाही.

मोकळं झाल्यावर नोझल न बसवताच, भोकांवर फडकं धरून स्टार्टरनं फिरवा. सगळं द्रव बाहेर उडून जाईल. व्हॉल्व्हचं अंतर गार इंजिनावर 12 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.30 मिमी ठेवा. डिझेल पंपात पाणी गेलेलं असेल तर तो घरी उघडू नका. पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवरच द्या. डायनॅमो, स्टार्टर आणि पुढच्या हबची बेअरिंगं तर उघडावीच लागतील. पुराच्या पाण्यातला बारीक गाळ ग्रीसमध्ये मिसळला की तो ग्राइंडिंग पेस्टचं काम करतो.

नट-बोल्टची डोकी घसरतात. पाने नवे आहेत तरी असं का? (कागल)

पाने मिलिमीटरचे असतील. या जुन्या मॅसीचे बोल्ट इंचाचे आहेत. चार सूत म्हणजे 12.7 मिमी, त्यावर 13 चा पाना सैल. साडेचार सूत 14.29 मिमी, त्यावर 14 बसत नाही आणि 15 घसरतो. सहा सूतला मात्र 19 चा पाना जवळपास अचूक बसतो, कारण ते 19.05 आहे. म्हणूनच लोकांना वाटतं बाकीचंही चालेल. सुतांच्या पान्यांचा एक संच घ्या. आटे तपासायला पिच गेज लागेल. मिलिमीटरचा बोल्ट जोरानं बीडात घुसवला की आटे जातात, आणि मग हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवण्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडे फेरी अटळ.

बदलीचे बोल्ट पिवळे झळझळीत कोटिंगचे घेऊ नका. कारखान्यात इंजिन-गिअरबॉक्स जोडून झाल्यावर त्यावर रंग मारलेला असे, त्यामुळे बोल्टची डोकीही राखाडीच. तुम्हीही बीड जोडूनच रंगवा, पत्रा मात्र सुटा.

इंजिन नुकतंच बांधलं, तरी क्लचच्या बाजूनं तेल गळतंय. (गडहिंग्लज)

पर्किन्सच्या या तीन सिलिंडरच्या जुन्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसून दोरीचं सील असतं, दोन अर्ध्या हाउसिंगमध्ये बसवलेलं. फिटर घाईत दोरी हाउसिंगच्या कडेबरोबर कापतो, तिथंच चूक होते. दोरी आधी खाचेत दोन्ही टोकांकडून मध्याकडे दाबत बसवा, गोल दांड्यानं नीट चेपा, आणि प्रत्येक टोक कडेच्या बाहेर 10 ते 20 थाऊ ठेवा. दोन्ही अर्धे जुळल्यावर टोकं एकमेकांवर दाबली जातात तेव्हाच सांधा बंद होतो. जास्त ठेवलं तर हाउसिंग नीट मिटत नाही. आतल्या बाजूला ग्राफाइट ग्रीस लावा. हाउसिंगचे बोल्ट आवळल्यावर क्रँक हातानं फिरवून बघा. जड पण अडखळल्याशिवाय फिरायला हवा.

सगळं बसवलं, तेलही भरलं, पण हायड्रॉलिक उचलत नाही. (पन्हाळा)

पीटीओचा (मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टचा) लिव्हर न्यूट्रलला असेल. 35 मध्ये पंप पीटीओच्या शाफ्टवरच चालतो. लिव्हर लावा, मग उचलतं का बघा.

डायनॅमो चार्ज करत नाही. बॅटरी बदलताना वायरी उलट्या लागल्या असं फिटर म्हणतो. (राधानगरी)

जुन्या ब्रिटिश घडणीच्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. हल्लीच्या सवयीनं निगेटिव्ह बॉडीला लावलं की डायनॅमो उलटा भारित राहतो. बॅटरी मूळ पद्धतीनं लावा, डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढा, आणि बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाकडून एक वायर डायनॅमोच्या 'एफ' टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवा. छोटी ठिणगी दिसेल, तेवढं पुरे. मग वायरी परत जोडा. तरी चार्जिंग नसेल तर कटाऊटच्या (डायनॅमो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) पॉइंटवर बारीक वॉटर पेपर फिरवून बघा.

खंडेनवमीच्या पूजेआधी रंग पूर्ण करायचाय. ऑगस्टमध्ये सुरू केलं तर? (भुदरगड)

पावसाळ्यात रंग मारू नका, विशेषतः तुमच्याकडे. हवेत ओल जास्त असली की चमक मरते आणि वर पांढुरका पडदा येतो. पत्र्यावर न दिसणारं दव असलं तर प्रायमर नंतर सालासारखा निघतो. ऑगस्टमध्ये खोलणं, घासणं, पत्रा ठोकणं ही कामं करा. उघडा पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली झाका, कारण आपल्याकडच्या ओलीत रात्रीतून लाल गंज चढतो. फक्त प्रायमर मारण्याच्या दिवशी सुकी उघडीप असावी.

टॉपकोटला, म्हणजे वरच्या रंगाला, फेब्रुवारी-मार्चची सकाळ चांगली. दुपारी वारा सुटतो, आणि आसपास उसाचं पाचट पेटलेलं असेल तर काळी भुरभुर ओल्या रंगावर बसते. शेडात जमिनीवर पाणी मारून धूळ बसवा. या आकाराच्या ट्रॅक्टरला प्रायमर दोन लिटर, लाल दोन, राखाडी दोन आणि चाकांना एक, एवढं पुरतं. स्प्रे गनला 1.4 चं नोझल लावा आणि तीन पातळ हात द्या. इनॅमलच्या दोन हातांत पंधरा-वीस मिनिटं थांबा. हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ असतो, पण त्याची वाफ फुफ्फुसाला घातक. कापडी मास्क चालत नाही, योग्य कार्ट्रिजचा हवा. इनॅमलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा रंग कधीच मारू नका, खालचा थर सुरकुततो. कारखान्याच्या नंबर प्लेटच्या रिव्हेट काढू नका, वर टेप लावा. ग्रीस लावून झाकणारे भेटतात, पण ग्रीसचं बोट लागलेल्या प्रत्येक ठिकाणी रंगात खड्डे पडतात.

आणि इनॅमल पूर्ण घट्ट व्हायला काही आठवडे घेतो. त्याआधी ओलं कुंकू लावलं तर डाग कायमचा राहतो. यंदाच्या खंडेनवमीला कुंकू टायरला लावा.