कोणता जॉन ग्रीनवूड? इंग्लंडच्या जुन्या खानेसुमारीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे यजमान यॉर्कशरचे, आडनाव ग्रीनवूड. सासूबाईंना एवढंच ठाऊक आहे की घराणं मूळ हेबडन ब्रिजकडचं. मुलांसाठी वंशवृक्ष करायला घेतला आणि १८४१च्या खानेसुमारीत आडनाव टाकलं, तर ढीगभर ग्रीनवूड निघाले. यातले आमचे कोणते? (लीड्स)

तूर्त १८४१ बाजूला ठेवा. माणसांची नावं असलेली सर्वात जुनी गणती म्हणून सगळे तिथेच उडी मारतात. त्याआधीच्या, म्हणजे १८०१ ते १८३१च्या गणत्यांत बहुतेक ठिकाणी नुसत्या डोक्यांचा हिशेब आहे. पण १८४१च्या नोंदीत घरातल्या माणसांची एकमेकांशी नाती दिलेली नाहीत आणि जन्म त्याच परगण्यातला की नाही, एवढंच विचारलेलं आहे. घरात दिसणारं पाच वर्षांचं पोर मुलगा की भाचा, हे त्यावरून ठरत नाही.

त्यातून तुमचं आडनाव ग्रीनवूड! ते कॅल्डर नदीच्या वरच्या खोऱ्यातलं, हेप्टनस्टॉल आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचं. तिथे नुसता जॉन ग्रीनवूड शोधणं म्हणजे कोल्हापुरात नुसते पाटील शोधण्यासारखं आहे. आडनावाने गाव सापडतं, माणूस सापडत नाही.

म्हणून आजकडून मागे जायचं. १९ जून १९२१च्या गणतीत आजेसासऱ्यांचं किंवा त्यांच्या वडिलांचं घर शोधा. त्यात वय वर्षं-महिन्यांत आहे, शिवाय नोकरी कोणाकडे हेही आहे. तिथून १९११ला या. १९११चा कागद फार मोलाचा, कारण तो कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला आहे. त्याआधीच्या वर्षांचे घरोघरचे मूळ कागद नष्ट झाले. आपण पाहतो त्या प्रगणकाने वह्यांत उतरवलेल्या नकला. १९११त विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, हेही विचारलं होतं. प्रश्न लागू नसतानाही कित्येक विधुरांनी ती माहिती भरली. कचेरीने त्यावर लाल रेघ मारली, तरी खालचं वाचता येतं. दोन गणत्यांच्या मधल्या काळात जन्मून वारलेलं मूल कधी कधी अशा रेघेखाली हाती लागतं.

मग १९०१, १८९१ असं दहा-दहा वर्षांनी मागे. प्रत्येक टप्प्यावर आडनावाबरोबर आणखी तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत : भावंडांच्या नावांचा क्रम, धंदा आणि वाडीचं किंवा शेतघराचं नाव. त्या खोऱ्यात सुती विणकर आणि फुस्टियन नावाचं जाड कापड कापणारे पुष्कळ, त्यामुळे नुसत्या धंद्यावर भिस्त नको. पण प्रगणक डोंगरावरच्या शेतघरांची नावं लिहीत, आणि तिथे तीच खरी ओळख.

आणखी एक हत्यार आहे. इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७पासून सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. एकाच वर्षी त्याच खोऱ्यातल्या टॉडमॉर्डन नोंदणी जिल्ह्यात चार जॉन ग्रीनवूड जन्मले असतील, पण चौघांच्या आया एकाच माहेरच्या असण्याची शक्यता कमी. सूची पाहायला पैसे पडत नाहीत, फक्त खातं उघडावं लागतं.

प्रश्न : १८५१मध्ये आर्मिटेज कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा सापडला, १८७१मध्ये लग्न झालेला सापडला. १८६१मध्ये मात्र त्याचा पत्ताच नाही. हडर्सफील्डजवळचं घराणं आहे. त्या वर्षीची वही हरवली असेल का? (ठाणे)

काही वह्या गहाळ आहेत खऱ्या, पण तो संशय सर्वात शेवटी घ्यावा. आधी आडनाव विसरा. शोधखिडकीत आडनावाची जागा रिकामी ठेवून पहिलं नाव, जन्मवर्ष दोन वर्षं मागेपुढे आणि जन्माचं गाव एवढंच टाका. यॉर्कशरच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गळतो. हे माहीत असलेला शहाणा प्रगणक कधी कधी नसलेला ‘ह’ लावून मोकळा होई, आणि मग आर्मिटेजचे हर्मिटेज होतात. घरातल्या माणसालाच लिहिता येत नसेल, तर स्पेलिंग तपासणार कोण? वर आपल्या काळात ते अक्षर लावून संगणकात भरणाऱ्याने आणखी एक चूक केलेली असू शकते. संकेतस्थळ परवानगी देत असेल तर अनिश्चित अक्षरांच्या जागी तारांकन टाकून पाहा, आणि यादीवर न थांबता मूळ पानाचं चित्र उघडा.

त्यानेही नाही सापडला, तर वडील वारले का ते पाहा. विधवेने दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याची मुलं पुष्कळदा सावत्र वडिलांच्या आडनावाखाली लिहिली जात. अशा घरात दहा वर्षांच्या पोरापुढे ‘सन-इन-लॉ’ असं नातं दिसलं तर दचकू नका. त्या काळी सावत्र मुलालाही तसंच लिहीत. बालविवाहाचा तिथे संबंध नाही. आणि सतरा वर्षांचा मुलगा घरी असेलच असं कशावरून? तो दुसऱ्याच्या घरी गडी किंवा काम शिकणारा उमेदवार म्हणून राहत असेल. मग कुटुंबात त्याला किती शोधलं तरी मिळायचा नाही.

प्रश्न : एकाच बाईचं वय १८४१त ३५, १८५१त ४९. जन्मस्थान एकदा लँकशर, पुढे यॉर्कशर. ही दोन वेगळी माणसं का? (टॉडमॉर्डनचं कुटुंब शोधणारे, पुणे)

एकच असण्याचा संभव दाट आहे. १८४१त पंधराच्या वरची वयं पाचाच्या पाढ्यात खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणून ३५ म्हणजे ३५ ते ३९. काही प्रगणकांनी ती पाळली नाही, हे वेगळं. खरं वय ३९ असेल तर दहा वर्षांनी ४९ अगदी बरोबर.

परगण्याचं कोडं टॉडमॉर्डनचंच आहे. लँकशर आणि यॉर्कशरची हद्द या गावातून जात होती. १८७५चं टाउन हॉलही तिच्यावरच उभं आहे. १८८८च्या कायद्याने सगळं गाव यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या विभागात गेलं. त्यामुळे बाई जागची हलली नाही आणि तिचं जन्मस्थान मात्र परगणा बदलून बसलं.

बाप्तिस्म्याची नोंद शोधताना एक लक्षात ठेवा. त्या भागात मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट पंथांचे लोक बरेच होते. बॅप्टिस्ट तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, म्हणून पॅरिशच्या, म्हणजे गावच्या सरकारमान्य चर्चच्या, वहीत नाव नसलं तरी माणूस नव्हता असा अर्थ काढू नका.

प्रश्न : पणजोबा ब्रिटिश फौजेतले शिपाई. खडकीला लग्न केलं, इथेच वारले. इंग्लंडच्या खानेसुमारीत सापडतील? (खडकी)

१९११त फौजेत असतील तर हो. त्या वर्षी परदेशातल्या छावण्यांतल्या सैनिकांची आणि त्यांच्या कुटुंबांची नावानिशी नोंद झाली. त्याआधीच्या गणत्यांत हिंदुस्थानातली फौज शोधू नका. त्याऐवजी लग्नाच्या नोंदीपासून निघा. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात; त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. विवाहनोंदीत पलटण कळेल. सैनिकाचे निवृत्तीचे कागद लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये टिकले असतील, तर त्यात जन्माचं पॅरिश असतं. ते मिळालं की मग लहानपणीचं घर खानेसुमारीत शोधायचं. उलटा रस्ता धरलात तर त्याच नावाचे दहा शिपाई समोर उभे राहतील.

प्रश्न : आजीची आई एका साहेबाच्या कुटुंबाबरोबर आया म्हणून मुंबईहून विलायतेला गेली होती. तिची काही नोंद असेल? (मुंबई)

शोधून पाहण्याजोगं आहे, पण तिच्या नावाने नव्हे. आयांना कागदावर अनेकदा मालकाचं आडनाव चिकटवलेलं असतं, कधी तर नुसतं ‘आया’ लिहून भागवलेलं. म्हणून साहेबाच्या कुटुंबाचं आडनाव घरातून मिळतं का पाहा आणि त्या घराची नोंद शोधा. नोकरी सुटलेल्या किंवा परतीच्या बोटीची वाट पाहणाऱ्या आया लंडनच्या हॅकनी भागातल्या ‘आयाज होम’मध्ये राहत. १९११त ते २६, किंग एडवर्ड्स रोड इथे होतं, त्यामुळे या पत्त्यानेही शोध घ्या. जन्मस्थानाच्या रकान्यात मुंबई, इंडिया किंवा ईस्ट इंडीज यांतलं काहीही असू शकतं.

प्रश्न : १९३१ची गणती कुठे पाहायला मिळेल? (नाशिक)

कुठेच नाही. इंग्लंड आणि वेल्सची ती सगळी दप्तरं डिसेंबर १९४२मध्ये मिडलसेक्समधल्या हेझ इथे आगीत जळाली. आग बाँबची नव्हती. १९४१त युद्धामुळे गणती झालीच नाही आणि १९५१ची शंभर वर्षांच्या नियमाने २०५२त उघडेल. मधल्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९च्या राष्ट्रीय नोंदणीचं रजिस्टर आहे. त्यात पूर्ण जन्मतारीख मिळते. शंभर वर्षांच्या आत जन्मलेल्यांच्या ओळी काळ्या करून ठेवलेल्या असतात, पण ती व्यक्ती वारल्याचा दाखला पाठवला की तेवढी ओळ उघडून देतात.