सांता क्लारा काउंटीत नेमकं कोण राहतं? आणि त्यात मराठी किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रंथालयात मराठी बालपुस्तकं ठेवावीत म्हणून अर्ज लिहायचाय, त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) लोकसंख्येची रचना आणि मराठी लोकांचा आकडा हवाय, पण जिथे बघावं तिथे वेगळाच आकडा दिसतो. कुठला धरायचा?

पहिल्यांदा नावाचा घोळ मिटवा. सांता क्लारा हे शहरही आहे आणि काउंटीही. २०२०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,२७,६४७ होती, काउंटीची १९,३६,२५९. 'सॅन होजे मेट्रो' म्हणून येणाऱ्या आकड्यात शेजारची सॅन बेनिटो काउंटीही मिसळलेली असते. आणि 'बे एरिया', म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीचा सगळा पट्टा, म्हटलं की फ्रीमॉन्ट येतं, जे अलामेडा काउंटीत आहे. आपल्या मंडळींचा हिशोब बहुतेक वेळा इथेच बिघडतो, कारण फ्रीमॉन्ट, डब्लिन, सॅन रॅमोनची निम्मी ओळखीची घरं मनातल्या मनात धरलेली असतात. जनगणनेच्या साइटवर शोधताना नावावर विसंबू नका, काउंटीचा कोड टाका: ०६०८५. त्यातलं ०६ म्हणजे कॅलिफोर्निया.

आता आकडे वेगळे का दिसतात ते. जनगणना खात्याचेच तीन वेगळे उद्योग आहेत. दहा वर्षांनी होणारी मोजणी १ एप्रिलची असते. त्यात वय, लिंग, वंश, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाचे) आहात का, घरातली नाती आणि घर मालकीचं की भाड्याचं एवढंच विचारतात. भाषा, शिक्षण, उत्पन्न, जन्मदेश यातलं काहीच नाही. दुसरा उद्योग म्हणजे दरवर्षी १ जुलैचा लोकसंख्येचा अंदाज, जन्म-मृत्यू आणि स्थलांतर धरून काढलेला. तिसरा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे एसीएस. देशभरातल्या साधारण ३५ लाख पत्त्यांवर दरवर्षी जाणारा हा नमुना सर्व्हे आहे, आणि भाषा-जन्मदेश-उत्पन्न हे सगळं त्यातूनच येतं. तुम्हाला दिसलेला १९.३६ लाख हा मोजणीचा आकडा, आणि १८.७ लाखांच्या आसपासचा आकडा जुलै २०२२च्या अंदाजाचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोविडनंतर इथून माणसं खरंच बाहेर गेली. एक पथ्य मात्र पाळा: दरवर्षी नवा अंदाज येतो तेव्हा मागच्या वर्षांचे आकडेही बदलून येतात. त्यामुळे २०२२चा आकडा जुन्या संचातून आणि २०२४चा नव्यातून उचलून 'एवढी वाढ झाली' असं लिहू नका.

रचनेचं ढोबळ चित्र असं. २०१०मध्ये हिस्पॅनिक नसलेले गोरे ३५ टक्के, आशियाई ३२ आणि हिस्पॅनिक २७ टक्के होते. २०२०मध्ये आशियाई ३९, गोरे २९, हिस्पॅनिक २५. काळे दोन-अडीच टक्के. म्हणजे कुठल्याच गटाचं बहुमत नाही आणि सगळ्यात मोठा गट आशियाई. हिस्पॅनिक ही वंशाच्या रकान्यातली नोंद नाही, तो वेगळा प्रश्न आहे. त्यामुळे 'गोरे' आणि 'हिस्पॅनिक' एकमेकांत मिसळतात. दोन्ही प्रश्न एकत्र करणारा तक्ता बी०३००२ घ्या, नाहीतर टक्क्यांची बेरीज शंभराच्या पुढे जाईल. (२०२४मध्ये केंद्र सरकारने हे दोन प्रश्न एकच करायचं ठरवलं. तो बदल आला की पुढचे आकडे मागच्यांशी थेट जुळणार नाहीत.) 'आशियाई' ३९ टक्के की ४२ टक्के, हा फरक 'फक्त आशियाई' आणि 'आशियाई एकट्याने किंवा इतर वंशासह' यातला आहे. शिवाय २०२०च्या मोजणीची खात्यानेच नंतर तपासणी केली, तेव्हा देशपातळीवर हिस्पॅनिक लोक जवळजवळ ५ टक्के कमी मोजले गेले आणि आशियाई अडीच टक्क्यांच्या वर जास्त, असं निघालं. एका काउंटीला तेच प्रमाण लावता येत नाही, पण ३९ला ब्रह्मवाक्य समजू नका.

आणि ही सरासरी काउंटीतल्या एकाही गावाला लागू पडत नाही. क्युपर्टिनो आणि मिलपिटसमध्ये दोन-तृतीयांशाहून जास्त लोक आशियाई. तासाभराच्या अंतरावर दक्षिणेला लसणासाठी प्रसिद्ध असलेलं गिलरॉय, तिथे निम्म्याहून जास्त हिस्पॅनिक. यामागे इतिहास आहे. चिप येण्याआधी ही जर्दाळू-आलुबुखारच्या बागांची आणि फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यांची दरी होती. बागांत आणि कारखान्यांत मेक्सिकन, फिलिपिनो, जपानी कामगार होते. पूर्व सॅन होजेची वस्ती त्या काळातली आहे. १९७५नंतर व्हिएतनामी निर्वासित आले. आज सॅन होजेत एक लाखाहून जास्त व्हिएतनामी आहेत, व्हिएतनामबाहेरच्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. आपली, म्हणजे भारतीयांची, लाट १९६५च्या स्थलांतर कायद्याने दार उघडल्यावर सुरू झाली आणि १९९०च्या कायद्यातल्या एच-वन-बी व्हिसाने मोठी झाली. त्याचा ठसा लिंग गुणोत्तरातही दिसतो: अमेरिकेत एकंदर बायका किंचित जास्त असतात, या काउंटीत पुरुष किंचित जास्त आहेत. हे वाचताना भारतीय सवय आड येते. आपल्याकडे हजार पुरुषांमागे स्त्रिया सांगतात, इथे शंभर स्त्रियांमागे पुरुष. १०२ वाचून 'वा, मुली जास्त' असं म्हणू नका.

बाकीचं पटकन सांगतो. दहातले चार जण परदेशात जन्मलेले. पाच वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांच्या घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा. पंचविशीपुढच्या निम्म्याहून जास्त लोकांकडे पदवी. घरगुती उत्पन्नाचा मध्यक (निम्मी घरं त्याच्या वर, निम्मी खाली) वर्षाला दीड लाख डॉलरच्या वर. गरिबीचा दर कमी दिसतो, त्यावर जाऊ नका. अधिकृत गरिबीरेषा अख्ख्या देशात एकच असते, इथलं घरभाडं तिच्या गावीही नाही. या प्रत्येक वाक्यात पाया वेगळा आहे तेही बघा: कुठे सगळी माणसं, कुठे पाचवरची, कुठे पंचविशीवरची, कुठे घरं. एका पायाची टक्केवारी दुसऱ्याला लावली की अर्ज वाचणारी बाई तिथेच पेन खाली ठेवते.

आता मुद्द्याचं, मराठी.

भारतीय किती, हे सोपं आहे. बी०२०१५ तक्त्यात 'एशियन इंडियन' हा गट मिळतो. २०१०च्या मोजणीत तो या काउंटीत सुमारे १ लाख १७ हजार होता, नंतर बराच वाढला. जन्मदेश हवा असेल तर बी०५००६. दोन्ही एक नव्हेत: इथे जन्मलेली मुलं पहिल्यात आहेत, दुसऱ्यात नाहीत. फिजीहून आलेले भारतीय वंशाचे लोक पहिल्यात असू शकतात, 'जन्म भारतात'मध्ये नसतात. आणि धर्म शोधत बसू नका. १९७६च्या कायद्याने जनगणना खात्याला धर्माचा सक्तीचा प्रश्न विचारता येत नाही.

भाषेचा बी१६००१ तक्ता उघडलात की हिरमोड होईल. २०१६पासून त्यात हिंदी, गुजराती, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळ आहे. मराठीला नाही. आपण 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा' या गाठोड्यात आहोत, कोकणीही त्यातच. त्या ओळीतला आकडा 'मराठी' म्हणून छापलेला दिसतो. तो चूक आहे, कारण नेपाळी लोक या भागात थोडेथोडके नाहीत. छोट्या भागांसाठीचा सी१६००१ तर आणखी गंमतीचा: मराठी आणि हिंदी 'इतर इंडो-युरोपीय' रकान्यात आणि शेजारचे तेलुगू-तमिळ 'इतर आशियाई व पॅसिफिक बेटांच्या भाषा' या रकान्यात.

सुटी मराठी मिळते ती एसीएसच्या पम्स नावाच्या सूक्ष्म नोंदींत. जनगणनेच्या साइटवर त्यासाठी वेगळं साधन आहे, प्रोग्रॅमिंग लागत नाही. पाच वर्षांच्या नोंदी एकत्र केलेला संच निवडा. एका वर्षाच्या नमुन्यात मराठी घरं फारच थोडी सापडतात. भाषेचा रकाना एलएएनपी, त्यात मराठी निवडा. भूगोलात पुमा निवडा. पुमा म्हणजे किमान एक लाख वस्तीचे तुकडे. कॅलिफोर्नियातले ०८५ने सुरू होणारे सगळे पुमा मिळून ही काउंटी होते. वजन म्हणून पीडब्ल्यूजीटीपी ठेवा, नाहीतर हाती फक्त सर्व्हेत सापडलेल्या माणसांची संख्या येईल. वयाची फोड करायची असेल तर ५ ते १७चा गट घ्या, तुमच्या कामाचा तोच. त्यापुढे पुन्हा चिरफाड करू नका. मूळ नोंदी शंभराच्या आत असतील तर तो आकडा छापण्यालायक राहत नाही.

हा आकडा खऱ्यापेक्षा कमीच येणार. प्रश्न असा आहे की घरी इंग्रजीखेरीज कुठली भाषा बोलता, आणि उत्तर एकच भाषा. मराठी-तेलुगू जोडप्याच्या घरी एक गळते. जे घाईत 'इंडियन' लिहितात ते 'भारतातली अनिर्दिष्ट भाषा' या कोडात जातात. उलट दिशेचीही एक खुबी आहे: एसीएसमध्ये दोन महिन्यांहून जास्त मुक्काम असलेला माणूस त्या घरात मोजला जातो, त्यामुळे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा सर्व्हेच्या वेळी घरी असतील तर यादीत येतात. दहा वर्षांच्या मोजणीत असे पाहुणे धरत नाहीत.

एसीएसच्या प्रत्येक आकड्यासोबत ± असतं, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते. ते लिहाच. समजा एका पाच वर्षांच्या संचात २०,००० ± २,००० आलं आणि त्याआधीच्या, एकही वर्ष सामाईक नसलेल्या संचात २२,५०० ± २,१०० होतं (आकडे उदाहरणापुरते). दोन्ही ± चे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: २,९०० येतं. फरक २,५००चा, म्हणजे २,९००पेक्षा कमी. 'मराठी घटले' असं म्हणायला आधार नाही.

माझ्या मते तुमच्या अर्जाला याहून भक्कम पुरावा शाळांचा आहे. कॅलिफोर्नियाचं शिक्षण खातं सरकारी शाळांतली मुलं घरच्या भाषेनुसार प्रसिद्ध करतं, आणि तिथे मराठीला स्वतःचा रकाना आहे. काउंटी, शाळा जिल्हा, अगदी एकेक शाळा, इयत्तेसकट. 'इंग्लिश लर्नर' (इंग्रजी अजून शिकणारी) आणि 'फ्लुएंट इंग्लिश प्रोफिशियंट' (घरची भाषा दुसरी, पण इंग्रजी चांगलं येणारी) या दोन्ही गटांची बेरीज करा. फक्त पहिला घेतलात तर बरीच मराठी मुलं निसटतील, कारण आपली पोरं इंग्रजीत लवकर पुढे जातात. यातही गळती आहे. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म भरावा लागतो. मूल आधी कुठली भाषा बोलायला शिकलं, घरी जास्त कुठली बोलतं, आईवडील त्याच्याशी कुठलीत बोलतात. तिथे मराठी लिहिलं की मुलाला इंग्रजीची चाचणी लागते. ती टाळायला पुष्कळ पालक सरळ 'इंग्लिश' लिहितात, आणि ते मूल कायमचं इंग्रजीच्या खात्यात जातं. खासगी शाळा तर यात नाहीतच. म्हणून हा आकडा 'किमान इतके' असाच मांडा.

महाराष्ट्र मंडळाच्या सभासद यादीचा किंवा गणपतीच्या गर्दीचा आकडा देऊ नका. २०२४चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं) अधिवेशन सॅन होजेत भरलं होतं, पण तिथे देशभरातून माणसं आली होती. 'इंग्रजी नीट न येणाऱ्यां'च्या आधारावरही मागणी करू नका. त्या निकषावर इथल्या मतपत्रिका स्पॅनिश, चिनी, व्हिएतनामी आणि टॅगालॉगमध्ये निघतात. मराठी माणूस तिथे 'इंग्रजी उत्तम' हाच चौकोन भरतो आणि तुमची बाजू लंगडी पडते.

अर्ज कुठे द्यायचा तेही आकड्यांआधी ठरवा. काउंटीचा ग्रंथालय जिल्हा म्हणजे अख्खी काउंटी नाही. त्यात क्युपर्टिनो, मिलपिटस, सॅराटोगा, कॅम्पबेल, लॉस अल्टोस, लॉस अल्टोस हिल्स, मॉन्टे सेरेनो, मॉर्गन हिल, गिलरॉय आणि कुठल्याही शहरात न मोडणारा भाग येतो. सॅन होजे, सनीव्हेल, सांता क्लारा शहर, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो आणि लॉस गॅटोस यांची ग्रंथालयं स्वतंत्र आहेत. सनीव्हेलमध्ये राहत असाल तर काउंटीचा आकडा तिथे उपयोगाचा नाही, सनीव्हेलच्या शाळांचा काढा. क्युपर्टिनोत असाल तर पुमावर अडून राहू नका; साठ हजारांच्या गावाला स्वतंत्र पुमा मिळत नाही, तो शेजारच्या गावांना जोडलेला असतो. शाळा जिल्ह्याचा आकडा पुढे करा, आणि त्याखाली वर्ष, खात्याचं नाव आणि कुठले दोन गट मिळवले ते एका ओळीत लिहा.